पावणेचौदा चौरस मीटर

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठी मोटार उभी करायला किती जागा धरायची ते ठरलेले आहे: रुंदी अडीच मीटर, लांबी साडेपाच मीटर. क्षेत्रफळ पावणेचौदा चौरस मीटर. प्रत्यक्षात तेवढ्यात भागत नाही. गाडी आत आणायला, वळवायला, वरच्या मजल्यावर चढवायला मोकळी मार्गिका आणि रॅम्प लागतो. तो हिशेबात घेतला की बहुमजली वाहनतळात एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर बांधकाम खर्ची पडते. याच शहरात झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणाऱ्या घराचे चटईक्षेत्र २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट आहे. दिवसातले बहुतेक तास नुसती उभी राहणारी गाडी आणि पाच माणसांचे घर यांना जवळपास सारखीच जागा लागते. फोर्ट, काळबादेवी, दादर अशा गजबजलेल्या भागांत पार्किंगची सोय कुणी करायची, महापालिकेने की बिल्डरने, हा वाद समजून घ्यायचा तर आधी हे माप डोळ्यांसमोर हवे.

वाद वरवर सोपा दिसतो. एक बाजू म्हणते, लोक कर भरतात, रस्ते पालिकेचे, तेव्हा पार्किंगही पालिकेने द्यावे. दुसरी म्हणते, टॉवर बिल्डरने बांधले, गाड्या त्याच्या गिऱ्हाइकांनी आणल्या, तेव्हा सोय त्यानेच करावी. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: जागा बांधली की प्रश्न सुटतो. मुंबईचा गेल्या दीड दशकाचा अनुभव तसा नाही. बांधलेले वाहनतळ अर्धे रिकामे आणि त्यांच्याच बाहेर रस्त्यावर गाड्यांची दुहेरी रांग, हे दृश्य या शहराला नवे नाही. ते का दिसते ते उलगडायचे तर पार्किंग कुठून कुठून येते ते एकेक करून पाहायला हवे.

पहिला प्रकार बिल्डरवर सक्तीने लादलेल्या पार्किंगचा. इमारत बांधायची परवानगी हवी तर अमुक क्षेत्रफळाच्या सदनिकांमागे इतक्या गाड्यांची, अमुक क्षेत्रफळाच्या कार्यालयामागे इतक्या गाड्यांची सोय नकाशात दाखवावी लागते. नियमाप्रमाणे दिलेली ही जागा एफएसआयमध्ये, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकात, मोजली जात नाही. त्यामुळे बांधायला बिल्डरची हरकत नसते. नव्या टॉवरांच्या तळाशी दिसणारे सहा-सहा, आठ-आठ मजल्यांचे पोडियम याच नियमातून उभे राहिले. एफएसआय लागत नसला तरी सिमेंट, लोखंड, मजुरी लागतेच, आणि तो खर्च घराच्या किमतीत मिसळतो. ज्याच्याकडे गाडी नाही तोही त्यातला वाटा भरतो.

या जागेच्या विक्रीवरून बरीच भांडणे झाली. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या दहिसरच्या प्रकरणात निकाल दिला, की स्टिल्टखालची आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही. ती सोसायटीच्या सामाईक सोयींचा भाग आहे. सोसायट्यांसाठी हा निकाल मोलाचा ठरला. शहराच्या मध्यभागाचा प्रश्न मात्र त्याने सुटणारा नव्हता, कारण हे पार्किंग फाटकाआड असते. कार्यालयाचे पार्किंग रात्री ओस पडते, निवासी इमारतीचे दिवसा. मध्ये भिंत आणि वॉचमन. बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाला दोन्हींचा उपयोग नाही.

तरीही ही सक्ती कमी करायची म्हटली की लोक घाबरतात. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत २०२० साली पार्किंगच्या अटी सैल झाल्या, तेव्हा नवी मुंबईतून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. ऑगस्ट २०२१ मधील सुनावणीत न्यायालयाने विचारले, की जागा पुरेशी नसेल तर एकेका कुटुंबाला चार-चार, पाच-पाच गाड्या घेऊ द्यायच्या का? प्रश्न अचूक होता. पार्किंगची चर्चा जागेच्या तुटवड्यावरून सुरू होते आणि गाड्यांच्या संख्येवर येऊन थांबते. मुंबईत नोंदलेली वाहने आता ४० लाखांच्या पुढे आहेत आणि बेट आहे तेवढेच आहे.

दुसरा प्रकार मुंबईचा खास, आणि तोच सगळ्यात नीट पाहण्यासारखा. २००८ साली नियमावलीत ३३(२४) हे कलम आले. २०३४ च्या विकास नियमावलीत तेच ३३(१८) झाले. कल्पना अशी: पालिकेकडे मध्यवर्ती भागात मोकळा भूखंड नाही आणि तो विकत घेण्याइतका पैसा नाही. बिल्डरकडे भूखंड आहे. मग बिल्डरने स्वतःच्या भूखंडावर, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या गरजेहून वेगळा सार्वजनिक वाहनतळ बांधावा आणि तो पालिकेला फुकट सोपवावा. बदल्यात वाहनतळाच्या बांधकामाच्या निम्म्यापर्यंत वाढीव क्षेत्र त्याला विक्रीसाठी मिळेल. त्या वाढीव क्षेत्रावर त्याने प्रीमियमही भरायचा. वाहनतळ चालवायचा मात्र पालिकेने, म्हणजे व्यवहारात पालिकेने नेमलेल्या ठेकेदाराने.

हा सौदा आकड्यांत मांडून पाहू. आकडे समजून घेण्यापुरते धरलेले आहेत. समजा ५०० गाड्यांचा वाहनतळ आहे. एका गाडीला ३० चौरस मीटर धरले तर बांधकाम १५,००० चौरस मीटर. त्याच्या निम्मे ७,५००, म्हणजे सुमारे ८०,७०० चौरस फूट विकाऊ क्षेत्र. मध्य मुंबईत फुटाला ₹४०,००० भाव धरला तर विक्री ₹३२० कोटींच्या वर जाते. वाहनतळ बांधायला चौरस मीटरला ₹३०,००० लागले तर खर्च ₹४५ कोटी. वाढीव सदनिकांचा बांधकाम खर्च आणि प्रीमियम वजा करूनही बिल्डरच्या हाती भरपूर उरते. पालिकेला खिशातून दमडी न काढता वाहनतळ मिळतो. कागदावर दोघांचाही फायदा आहे.

तोटा कुणाचा ते शोधायला थोडे थांबावे लागते. वाढीव क्षेत्रात राहायला येणारी माणसे पाणी, मलनिस्सारण, शाळा आणि रस्ता वापरतात, आणि स्वतःच्या गाड्याही आणतात. रस्त्यावरची गर्दी कमी करण्यासाठी बांधलेल्या वाहनतळाच्या मोबदल्यात त्याच रस्त्यावर नवी गर्दी येते. शिवाय वाहनतळ कुठे व्हावा हे गरजेवरून ठरत नाही. ज्या बिल्डरचा भूखंड मोठा आणि ज्या भागात सदनिकेला भाव चांगला, तिथे तो होतो. म्हणून जुन्या गिरण्यांच्या जमिनींवर, लोअर परळच्या आसपास मोठमोठे वाहनतळ उभे राहिले आणि भुलेश्वर-काळबादेवीच्या अरुंद गल्ल्यांत, जिथे माल उतरवायला टेम्पोला जागा मिळत नाही, तिथे हा सौदा जमलाच नाही. तिथे तेवढा भूखंडच नाही. पार्किंग फुकट मिळाले असे म्हणताना शहराने मोबदला पैशाऐवजी एफएसआयमध्ये दिला, हे विसरता कामा नये. एफएसआय ही सार्वजनिक मालमत्ताच आहे. फरक इतकाच, की ती पालिकेच्या ताळेबंदात खर्च म्हणून दिसत नाही.

बरे, बांधून झाले. मग ते रिकामे का? वाहनतळ बहुतेकदा खासगी संकुलाच्या पोटात, मागच्या बाजूला किंवा वर सातव्या-आठव्या मजल्यावर असतो. फलक दिसत नाही. गाडी लावून, लिफ्टने उतरून, संकुलाला वळसा घालून रस्त्यावर यायला दहा-पंधरा मिनिटे जातात. दादरचा कोहिनूर स्क्वेअरचा वाहनतळ सुमारे हजार गाड्यांचा आहे, पण खरेदीचा मुख्य बाजार त्याच्या दारात नाही. तो रानडे रोड आणि स्टेशनच्या बाजूला आहे. २०२३ साली दादरच्या व्यापाऱ्यांनी पालिकेच्या मदतीने प्लाझा चित्रपटगृहाजवळ गाडी ताब्यात घेऊन कोहिनूरला नेऊन लावायची सेवा सुरू केली. चालायचे अंतर हीच अडचण आहे हे व्यापाऱ्यांनी बरोबर ओळखले.

अंतरापेक्षा मोठे कारण पैशाचे आहे. वाहनतळात पावती फाडावी लागते. त्याच्या फाटकाबाहेर रस्त्याकडेला गाडी फुकट लागते, किंवा लागली तरी कुणी उचलून नेईल याची खात्री नसते. पाणपोईच्या शेजारी बाटलीबंद पाण्याचे दुकान टाकावे तशी वाहनतळाची गत होते. हे पालिकेलाही कळले होते. जुलै २०१९ मध्ये तिने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या चारचाकीला ₹१०,००० दंड लावायला सुरुवात केली. शहरभर गदारोळ झाला. माझ्या मते चूक दंड लावण्यात नव्हती. तो इतका मोठा होता की रोजच्या रोज, प्रत्येक गाडीला लावणे शक्यच नव्हते, ही खरी अडचण. माणसाला वचक बसतो तो शिक्षेच्या खात्रीने. वर्षातून एकदा ₹१०,००० जाण्याची शक्यता आणि दररोज न चुकता वसूल होणारे तासाचे ₹६० यांत सवय बदलते ती दुसऱ्याने.

रस्त्याकडेची जागा किती किमतीची आहे तेही मोजून पाहावे. पावणेचौदा चौरस मीटर म्हणजे १४८ चौरस फूट. बाजारपेठेतल्या दुकानाचे भाडे महिन्याला फुटामागे ₹१५० धरू. तेवढ्याच जागेचे भाडे ₹२२,२०० होते. महिन्यात २५ दिवस, रोज १२ तास, असे ३०० तास धरले तर तासाला ₹७४. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच सांगितले आहे, की पार्किंगचे शुल्क व्यापलेल्या जमिनीच्या खऱ्या मोलाला धरून असावे. फुटपाथवर टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीला दोन चौरस मीटरसाठी पोटात गोळा घेऊन बसावे लागते. तिच्या मागे उभ्या असलेल्या गाडीला तिच्या सहापट-सातपट जागा विनाशुल्क मिळते. हा अन्याय रोज इतका समोर असतो की डोळ्यांना तो दिसेनासा झाला आहे.

रस्त्यावरच्या जागेला दर लावण्याची युक्ती अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीची. १६ जुलै १९३५ रोजी तिथे पहिले पार्किंग मीटर बसले, तासाला ५ सेंट. आधी तिथे दुकानांतले नोकरदारच सकाळी गाड्या लावून संध्याकाळपर्यंत जागा अडवत आणि गिऱ्हाइकाला जागा उरत नसे. आपल्याकडे आजही तेच चालते. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली गाडी पुष्कळदा खुद्द दुकानदाराची असते. नऊ तास एकाच गाडीने अडवलेल्या जागेत सात-आठ गिऱ्हाइके येऊन जाऊ शकतात. पुण्यात पी-१, पी-२ च्या पाट्यांनी, सम-विषम तारखांनी रस्त्याच्या दोन बाजू आळीपाळीने मोकळ्या ठेवल्या जातात. त्याने एक बाजू वाहती राहते, पण उरलेल्या बाजूची जागा दिवसभर एकानेच अडवू नये याची काहीच तजवीज त्यात नाही.

दर किती असावा यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर काम केले. २००५ साली आलेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथाने जगभरच्या नगररचनाकारांना या विषयाकडे वळवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: रस्त्याकडेचा दर असा ठेवावा, की कोणत्याही वेळी एकदोन जागा मोकळ्या राहतील. त्याहून स्वस्त ठेवला तर गाड्या जागा शोधत घिरट्या घालतात. त्याहून महाग ठेवला तर जागा पडून राहते.

सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हा विचार प्रत्यक्षात आणला. रस्त्याकडेची सुमारे ७,००० पार्किंग मीटर आणि शहराच्या मालकीचे १४ बहुमजली वाहनतळ एका योजनेत घेतले. कोणता पट्टा किती भरतो ते पाहून दर थोडा वर किंवा खाली. भरलेल्या रस्त्यावर वाढ, रिकाम्यावर घट. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा रस्त्यावरचा सरासरी दर ४ टक्क्यांनी आणि वाहनतळांचा १२ टक्क्यांनी उतरलेला होता. लोकांना वाटले होते दर नुसते चढत जातील. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: रस्ता आणि वाहनतळ दोन्हींचा दर एकाच हातात होता, म्हणून वाहनतळ रस्त्यापेक्षा स्वस्त ठेवता आला. मुंबईत हे दोन्ही पालिकेच्याच हातात आहेत. तरीही वाहनतळाला दर आहे आणि रस्ता बहुतांशी मोकाट.

रस्त्याचा दर आपल्या हातातून घालवला की काय होते, ते शिकागोत दिसते. डिसेंबर २००८ मध्ये अर्थसंकल्पातला खड्डा बुजवण्यासाठी महापौर रिचर्ड डेली यांनी शहरातली सुमारे ३६,००० मीटर ७५ वर्षांसाठी खासगी गुंतवणूकदारांना दिली. मोबदला सुमारे १.१५ अब्ज डॉलर. नगरसेवकांना करार वाचायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळाले, आणि तो ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की शहराने किमान ९७.४ कोटी डॉलर कमी घेतले. मिळालेला बहुतेक पैसा काही वर्षांतच तुटी भरण्यात संपला.

पैशाहून भारी पडल्या त्या करारातल्या अटी. जत्रेसाठी, मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद केला आणि मीटरचे उत्पन्न बुडाले तर शहराने कंपनीला भरपाई द्यायची. फुटपाथ रुंद करायचा, सायकलसाठी पट्टा काढायचा, बसथांबा हलवायचा, तरी आधी कंपनीचे नुकसान मोजायचे. रस्ता नागरिकांचा, पण २०८३ पर्यंत त्याच्या कडेला काय व्हावे यात गुंतवणूकदाराचा शब्द. गणेशोत्सवात मंडप, आषाढीला पालखी, आठवडे बाजार, बसची मार्गिका या सगळ्यांसाठी रस्त्याची कड ज्या शहरांना लागते, त्यांनी हा करार पुन्हा पुन्हा वाचावा.

खासगी पार्किंग उत्तम चालल्याचे उदाहरण टोकियोचे. जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने गाडी घेणाऱ्याला आधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते. ती घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी, आणि पोलीस तसे प्रमाणपत्र देतात. गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवता येत नाही. याचा परिणाम असा, की पार्किंगला खरे गिऱ्हाईक तयार झाले. दोन घरांमधल्या चिंचोळ्या तुकड्यावर तीन गाड्यांचे, पाडलेल्या इमारतीच्या जागी दहा गाड्यांचे, पिवळ्या फलकावर तासाचा दर लिहिलेले लहान लहान वाहनतळ गल्लोगल्ली दिसतात. ते खासगी मालकांनी काढले आहेत. त्यांना कुणी एफएसआय दिला नाही, कुणी सक्तीही केली नाही. रस्ता फुकट नव्हता, एवढे पुरले.

या सगळ्यावरून माझे मत पक्के झाले आहे. वाहनतळ बांधण्याचे आणि चालवण्याचे काम खासगी हातांना खुशाल द्यावे. ज्याला त्यात पैसा दिसेल त्याने स्वतःच्या जोखमीवर बांधावे. एफएसआयची बक्षिसे थांबवावीत, आणि रेल्वे-मेट्रोच्या जवळच्या इमारतींवरची पार्किंगची सक्तीही. रस्त्याची कड, तिचा दर आणि तिच्यावरची शिस्त मात्र पालिकेने कुणालाही देऊ नये. वसुलीसाठी ठेकेदार नेमला तरी दर पालिका ठरवणार, करार दोन-तीन वर्षांचा, पावती यंत्रातून निघणारी. आज अनेक ठिकाणी हाती लिहिलेली पावती मिळते, किंवा तीही मिळत नाही, आणि दिवसाला किती गाड्या लागल्या हे ठेकेदाराखेरीज कुणाला कळत नाही. ज्या मालकाला स्वतःच्या जागेचा वापरच ठाऊक नाही तो दर ठरवणार कशावरून?

काही जागा पैशावर सोडता येणार नाहीत, त्या पालिकेनेच राखाव्यात: अपंगांच्या गाड्या, माल चढवायच्या-उतरवायच्या ठराविक वेळा, रुग्णवाहिका, रिक्षा-टॅक्सीचे थांबे. यातली मालाची जागा सगळ्यात दुर्लक्षित आहे. काळबादेवीतला अर्धा खोळंबा टेम्पोंमुळे होतो, असे म्हणून टेम्पोवाल्याला शिव्या देणे सोपे. त्याला उभे राहायला अधिकृत जागा कधी आखलीच नाही, हे कुणी बोलत नाही.

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केले, की पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे धोरण राज्य आणणार आहे. कल्पना जपानचीच. दिशा योग्य आहे, पण रात्री रस्त्यावर उभ्या गाडीवर कारवाई झाली नाही तर प्रमाणपत्र हा आणखी एक विकत मिळणारा कागद ठरेल. चाळीत राहून टॅक्सी किंवा टेम्पोवर पोट भरणाऱ्याचे काय, याचेही उत्तर आधी द्यावे लागेल. त्याच्यासाठी रात्रीचे माफक मासिक भाडे लावून पालिकेचे रिकामे वाहनतळ उघडता येतील. लोअर परळचे वाहनतळ रात्री नाहीतरी रिकामेच असतात.

राजकीय भीती खरी आहे. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. विरोध इतका झाला की आधी पाच रस्त्यांवर प्रयोग करायचे ठरले, आणि तेही अडले. लोकांचा राग कंजूषपणाचा नव्हता. पैसे गोळा होतील आणि रस्ता होता तसाच राहील, हा त्यांचा अनुभव होता. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरात जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मीटरला असाच विरोध केला होता. १९९३ मध्ये शहराने त्यांना शब्द दिला, की या मीटरांचा पैसा याच बाजाराच्या फुटपाथांवर, दिव्यांवर आणि साफसफाईवर खर्च होईल. विरोध मावळला, आणि मोडकळीला आलेला तो बाजार पुढे शहरातला सर्वात गजबजलेला भाग झाला.

दादरमध्ये हे करून पाहता येईल. व्यापाऱ्यांची संघटना आहे, हजार गाड्यांचा वाहनतळ तयार आहे, पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे आहेत. रानडे रोड आणि आसपासच्या गल्ल्यांत दर तासाला किती गाड्या उभ्या असतात, त्यांतल्या किती दुकानदारांच्या आणि किती गिऱ्हाइकांच्या, हे वॉर्ड कार्यालयाने महिनाभर मोजावे. मग रस्त्याचा दर कोहिनूरच्या दुप्पट ठेवावा, पहाटे ते सकाळी दहा मालाच्या गाड्यांना मोकळीक द्यावी, आणि दर महिन्याला किती रक्कम जमली व तिच्यातून कोणता फुटपाथ दुरुस्त झाला याचा फलक स्टेशनच्या जिन्यापाशी लावावा.